स्वाभाविक प्रसव : वैद्याचा संयम आणि वैद्याची दक्षता

प्रास्ताविक

प्रसव ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे, व्याधी नव्हे, हे प्रसूतितंत्राच्या अध्ययनातील पहिले सूत्र आपणा सर्वांस परिचित आहे. तथापि ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास या सूत्रापासून दोन दिशांनी दूर गेलेली माणसे नित्य भेटतात. सर्व काही निसर्गतः होते, मग रुग्णालयाची गरजच काय, असे म्हणणारी काही जुनी मंडळी असतात. उलटपक्षी, कळा सुरू होऊन चार तास लोटले तरी बाळ आले नाही म्हणजे काहीतरी बिघडलेच, असे मानणारे नातेवाईकही असतात. या दोहोंच्या मध्ये गर्भिणी असते आणि तिच्या घरच्यांनी सल्ल्यासाठी प्रथम ज्याचे दार ठोठावलेले असते तो बहुधा आपल्यापैकीच एखादा वैद्य असतो.

डोणगाव हे मेहकर-मालेगाव रस्त्यावरचे मोठे गाव. भोवतालच्या खेड्यांतून लेकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतात. त्यांच्या कुटुंबीयांकडून आम्हास दोन प्रश्न सर्वाधिक विचारले जातात. “डॉक्टरसाहेब, आता नेऊ का हिले?” हा पहिला, आणि “कळा वाढवाचं इंजेक्शन देता का?” हा दुसरा. संहिता व आजचे प्रसूतिशास्त्र यांच्या आधारे या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, स्वाभाविक प्रसवात वैद्याने रक्षण करावयाचे ते काळाचे. त्या काळात स्त्रीस योग्य सोबत मिळवून द्यावी, काळास घाई करणारे कोणतेही औषध देऊ नये, आणि आता थांबणे धोक्याचे आहे ही वेळ मात्र अचूक ओळखावी.

आजची स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशातील जेमतेम २६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण देशात ८८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९४.७ टक्के नोंदले गेले. जननी सुरक्षा योजना (२००५), जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११), गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि रुग्णवाहिका सेवा या सर्वांचा त्यात वाटा आहे. २०१८-२० या कालखंडात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. ज्या पिढीने बाळंतपणात दगावलेल्या लेकीसुना पाहिल्या, त्या पिढीस या आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून स्वाभाविक प्रसवाचा पुरस्कार म्हणजे रुग्णालयास विरोध, असा समज कोणी करून घेऊ नये.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. देशपातळीवर पाहता २०१९-२१ मध्ये शासकीय संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के आढळले. लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांपुढे गेल्यावर माता वा नवजात यांच्या मृत्यूंत आणखी घट होत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या निवेदनात म्हटले आहे. त्याच निवेदनाने हेही स्पष्ट केले आहे की, ठरावीक टक्केवारी गाठणे हे ध्येय नसून ज्या स्त्रीस शस्त्रक्रियेची गरज आहे तिला ती मिळणे हे ध्येय होय.

या वाढीची कारणे अनेक आहेत व त्यांपैकी बहुतेक आपल्या हातात नाहीत. एक कारण मात्र आपल्या दवाखान्याच्या उंबरठ्यावर घडते. पहिल्या सौम्य कळेसरशी स्त्री रुग्णालयात दाखल होते, चोवीस तास तिथे अस्वस्थ पडून राहते, घरचे अधीर होतात, ‘प्रगती नाही’ अशी नोंद होते आणि पुढील उपायांची मालिका सुरू होते. ती स्त्री वास्तविक प्रसवाच्या उंबरठ्यावरच उभी असते. आत पाऊल पडलेलेच नसते.

संहितांतील कालविचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात व सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात प्रसवाचे जे वर्णन आले आहे, ते क्रमाचे वर्णन आहे. अंग गळून जाणे, मुख व नेत्र शिथिल होणे, उरावरचे बंधन सुटल्यासारखे वाटणे, कुक्षी खाली उतरणे, अधोभागी जडपणा, कंबर-पाठ-बस्ती-वंक्षण येथे वेदना, योनिस्राव आणि अन्नावरची वासना जाणे ही प्रसव समीप आल्याची लक्षणे होत. त्यानंतर आवी प्रकट होतात व गर्भोदक वाहते. पुढे गर्भ वरचे स्थान सोडून खाली येतो, बस्तिशिरापाशी स्थिरावतो आणि आवी त्वरित होतात. तेव्हाच स्त्रीस शय्येवर घेऊन प्रवाहणास सांगावे, त्यापूर्वी नाही, असा चरकाचा आदेश आहे.

आवी आलेली नसता प्रवाहण करू नये, हा त्यातील सर्वांत मोलाचा उपदेश. चरकाने त्यासाठी दिलेला दृष्टान्त आपल्या नित्य अनुभवातला आहे. शिंक, ढेकर, वात, मूत्र व पुरीष यांचे वेग त्यांची वेळ झाली नसता कितीही प्रयत्न केला तरी येत नाहीत, आले तरी कष्टाने येतात, गर्भाचेही तसेच. अकाली प्रवाहण व्यर्थ जाते व अपत्यास अपाय करते. प्रवाहणही आरंभी हळूहळू व नंतर जोराने करावे, असा क्रम सांगितला आहे. अपानाचे अनुलोमन आपल्या काळाने होते, ते बळाने करून घेता येत नाही, हे सूत्र यातून निघते.

याच अध्यायात एका मतभेदाची नोंद आहे आणि तिची चर्चा आपल्यात फारशी होत नाही. आवींनी कष्टी झालेली स्त्री प्रसूत होत नसेल तर तिला उठवून धान्याने भरलेल्या उखळात मुसळाने कांडावयास लावावे, मधून जांभया द्यावयास व फिरावयास सांगावे, असे काहींचे मत होते. आत्रेयांनी त्यातील मुसळ नाकारले. गर्भिणीस दारुण व्यायाम सदैव वर्ज्य आहे; प्रसवकाळी तर सर्व धातू व दोष चळलेले असतात; अशा वेळी मुसळाच्या श्रमाने उसळलेला वायू प्राणघात करू शकतो आणि त्या अवस्थेत उपचारही अत्यंत कठीण असतो, असे कारण त्यांनी दिले. जांभई देणे व फिरणे मात्र त्यांनी ग्राह्य ठरवले. मूळ प्रथेतील हितकर भाग राखून घातक भाग टाकण्याचा हा विवेक आहे. आज घरात मुसळ राहिलेले नाही. त्याची जागा सुईने घेतली आहे. आत्रेयांचा नकार तिलाही तितकाच लागू पडतो.

पाश्चात्त्य शास्त्रही काहीसा वळसा घेऊन याच विचारापाशी आले आहे. अमेरिकेतील फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात प्रसवाच्या प्रगतीचा आलेख मांडला. त्यावरून ‘गर्भाशयमुख ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे’ हा दंडक कित्येक दशके रूढ राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसवकालीन परिचर्येविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत माता व गर्भ सुस्थितीत असता केवळ हा वेग गाठला गेला नाही म्हणून हस्तक्षेप करू नये, असे सांगितले आहे. प्रसवाची सक्रिय अवस्था गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरली आहे. तिथून पुढे पहिलटकरणीस सामान्यतः बारा तासांपर्यंत व इतरांस दहा तासांपर्यंत काळ लागू शकतो. गर्भाशयमुख पूर्ण उघडल्यानंतरही पहिलटकरणीस तीन तासांपर्यंत व इतरांस दोन तासांपर्यंत अवधी स्वाभाविक मानला आहे. पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलण्याची पद्धत या शिफारशींनी अमान्य केली आहे. प्रवाहण स्त्रीने स्वतःच्या वेगानुसार करावे, असेही त्यांत म्हटले आहे.

या विषयाचा महाराष्ट्राशी एक जुना संबंध आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशी गुरुजनांसमोर आपल्या परंपरेतील प्रसवविचार मांडावासा वाटलेल्या त्या तरुण मराठी स्त्रीचे स्मरण या प्रसंगी उचित ठरावे.

संहितांतील सारेच आज जसेच्या तसे घ्यावे, असा आमचा आग्रह नाही. सुश्रुताने प्रसवासाठी गुडघे दुमडून उताणी शय्या सांगितली आहे. आज स्त्रीस सोयीची वाटेल ती स्थिती, विशेषतः उभी, बसती वा कुशीवरची, हितकर मानली जाते. उलटपक्षी, अभ्यंग करून उष्णोदकाने स्नान घातलेल्या आसन्नप्रसवेस यवागू पोटभर पाजावी हा सुश्रुताचा उपदेश, आणि कंबर, पाठ, पार्श्व व मांड्या यांना कोमट तेल लावून सुखकर मर्दन करावे हा चरकाचा उपदेश, हे दोन्ही आजच्या शिफारशींशी जुळतात. निर्धोक प्रसवात अन्नपान चालू ठेवणे, हिंडणेफिरणे, मर्दन व उष्ण शेक यांस जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली आहे.

सोबत हे औषध

प्रसवकाळी स्त्रीजवळ कोण असावे, याविषयी चरकाने दिलेली गुणांची यादी मननीय आहे. अनेक वेळा प्रसूत झालेल्या, मैत्रभाव असलेल्या, सतत प्रेम करणाऱ्या, समयसूचक, स्वभावतःच वत्सल, विषाद टाकलेल्या, क्लेश सोसणाऱ्या आणि त्या स्त्रीस आवडणाऱ्या स्त्रिया तिच्याभोवती असाव्यात. सुश्रुताने संख्या चार सांगून त्यात नखे कापलेली असावीत अशी अट घातली आहे. शेवटचे दोन मुद्दे ध्यानी घ्यावेत. नखांचा मुद्दा स्वच्छतेचा आहे. आवडीचा मुद्दा मनाचा आहे. नात्याने जवळची परंतु धाक दाखवणारी बाई या यादीत बसत नाही.

सौमनस्य हे गर्भधारणेस सर्वश्रेष्ठ व विषाद हा रोग वाढवणाऱ्यांत अग्रणी, असे चरकाने सूत्रस्थानात म्हटले आहे. भय व एकाकीपणा यांनी शरीरात जी रासायनिक द्रव्ये वाढतात, ती गर्भाशयाचे नियमित आकुंचन मंदावतात, असे आधुनिक शरीरक्रियाशास्त्र सांगते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ज्या स्त्रियांना प्रसवकाळी अखंड सोबत मिळाली त्यांच्यात स्वाभाविक प्रसूती अधिक झाल्या, शस्त्रक्रिया कमी झाल्या व प्रसवाचा कालावधीही काहीसा घटला. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने शासकीय प्रसूतिगृहांत सोबतीण ठेवण्यास मुभा दिली, तेव्हा स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली स्त्री अशी तिची ओळख दिली. चरकाच्या यादीतील पहिला गुण तोच आहे.

सोबतीचे मोल जाणण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या, बहुधा अल्पशिक्षित व अनेकदा उपेक्षित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. गर्भिणीची नियमित तपासणी, स्वच्छ प्रसूती आणि धोका दिसताच रुग्णालयाकडे रवानगी ही कामे या स्त्रियांनी गावातच राहून केली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत प्रशिक्षित स्त्री आरोग्यदूत नेमल्या. त्या घरच्या प्रसूतीस सुईणीबरोबर हजर राहत व नवजात बालकाकडे लक्ष पुरवीत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झाली. दोन्ही ठिकाणी परिणाम घडवला तो शिकवलेल्या, जागरूक आणि शेजारी हजर असलेल्या स्त्रीने. आज प्रसूती घरी होत नाहीत, हे योग्यच आहे. परंतु ती हजर राहणारी स्त्री घराबरोबर मागे राहता कामा नये.

आमच्या दवाखान्यातील पद्धती

प्रसूती कोठे होणार हे नववा महिना लागण्यापूर्वी ठरलेले असावे, असा आमचा प्रघात आहे. चरकाने सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वीच सिद्ध ठेवावयास सांगितले व तिथे असावयाच्या वस्तूंची लांबलचक यादी दिली. आज सूतिकागार बांधावयाचे नसले तरी सिद्धता हवीच. गर्भिणीचा रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, अपरेची व गर्भाची स्थिती यांची नोंद, जायचे रुग्णालय, वाहन, १०८ व १०२ हे क्रमांक, रक्त देऊ शकणारे दोन नातेवाईक आणि सोबतीणीचे नाव एवढे आम्ही एका कागदावर लिहून घरी देतो. मेहकर जवळ आहे, बुलढाणा दूर. पावसाळ्यात खेड्यावरून डोणगावास येणेही कधी सोपे नसते. म्हणून रस्त्याचा वेळही त्या कागदावर लिहितो.

नवव्या महिन्यात मधुरगणसिद्ध तेलाचा अनुवासन बस्ती व योनिपिचू चरकाने सांगितला आहे. अपानाच्या अनुलोमनासाठी आम्ही बस्तीचा उपयोग निवडक गर्भिणींतच करतो व तोही प्रसूतितज्ज्ञांच्या तपासणीनंतर. अपरा खाली असणे, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, गर्भोदक गळणे, अकाल कळा वा पूर्वीची शस्त्रक्रिया असता बस्ती व पिचू दोन्ही वर्ज्य समजावेत. शंका असल्यास न देणे हेच श्रेयस्कर.

“आता नेऊ का?” या प्रश्नाचे उत्तर कळांच्या स्वरूपावरून द्यावे. खोट्या कळा अनियमित असतात, चालल्याने वा निजल्याने शमतात, पोटाच्या पुढील भागापुरत्या राहतात. खऱ्या कळा कंबरेतून पुढे येतात, त्यांतील अंतर कमी होत जाते, जोर व अवधी वाढत जातो. पहिलटकरणीस कळा पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या व तासभर सलग येऊ लागल्या की निघावे, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. आम्ही त्यात रस्त्याचा वेळ मिळवतो. दूरच्या वस्तीवरील स्त्रीने त्याआधीच निघावे. दुसरेपण-तिसरेपण असता प्रसव शीघ्र होतो, तेव्हा कळा नियमित होताच निघावे.

निघेपर्यंतचा काळ घरी कसा घालवावा, हे सोबतीणीस शिकवावे. हिंडावे, थकल्यास डाव्या कुशीवर विसावावे, भाताची पेज, मुगाचे कढण, गूळपाणी थोडेथोडे घ्यावे, दर दोन-तीन तासांनी लघवी करावी. कंबरेस कोमट तिळतेल लावून तळहाताने स्थिर दाब द्यावा. कळ येताना श्वास सावकाश सोडावा. पोट चोळू नये. ‘जोर लाव’ असे कोणी म्हणू नये. रुग्णालयात गेल्यावर शेवटचे काय व केव्हा खाल्ले ते सांगावे.

एका पावसाळ्यातील उदाहरण द्यावेसे वाटते. जवळच्या खेड्यातील एक पहिलटकरीण दिवेलागणीस कळांसह आली. बरोबरची मंडळी इंजेक्शनासाठी हटून बसली होती. रक्तदाब व गर्भाचे हृद्स्पंदन उत्तम होते. आमच्या सहकारी स्त्रीवैद्यांनी तपासता गर्भाशयमुख दोन सेंटिमीटर उघडलेले आढळले. कळा दहा-पंधरा मिनिटांनी येत होत्या. तिला गावातच मावशीकडे ठेवावयास सांगितले, पेज व कोमट तेलाचे मर्दन सुचवले, रात्री दोनदा जाऊन तपासले. पहाटे कळा नियमित झाल्या, तेव्हा तिला मावशीसह शासकीय रुग्णालयात पाठवले. दुपारी प्रसूती स्वाभाविक झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका स्त्रीचे गर्भोदक हिरवट आल्याचे कळताच घटकाभरही न थांबता तिला वाहनात बसवले; तिची शस्त्रक्रिया झाली, माता व बालक सुखरूप राहिले. या दोन्ही प्रसंगी आम्ही वैद्यकर्मच केले, असे आम्ही मानतो.

थांबू नये अशी लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसता घरगुती उपाय व प्रतीक्षा दोन्ही थांबवून शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

१) प्रसूतीपूर्वी लाल रक्तस्राव.
२) रक्तदाब १४०/९० वा अधिक, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके.
३) गर्भोदक हिरवट, तपकिरी वा दुर्गंधी येणे, कळा नसता गर्भोदक गळणे.
४) गर्भाची हालचाल कमी होणे, हृद्स्पंदन मिनिटास ११० पेक्षा कमी वा १६० पेक्षा अधिक.
५) गर्भ आडवा वा पायाळू असणे, जुळे असणे, नाळ बाहेर दिसणे.
६) दोन कळांच्या मध्येही पोट दगडासारखे कठीण राहणे व वेदना न थांबणे.
७) ज्वर, तीव्र पांडुता, पूर्वीची शस्त्रक्रिया.
८) सदतीस आठवड्यांपूर्वी कळा येणे.

मूढगर्भाचे शस्त्रकर्म करण्यापूर्वी अधिपतीस विचारून परम यत्नाने उपक्रम करावा, असे सुश्रुताने सांगितले आहे. माता दगावली असता कुक्षीत गर्भ स्पंदन पावत असेल तर तत्क्षणी कुक्षी भेदून त्यास काढावे, असेही त्याचे वचन आहे. शस्त्राची योग्य वेळ जाणणारी ही परंपरा आहे. तिच्या नावाने शस्त्रास नकार देणे हा परंपरेचाच अवमान होय.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींसाठी

ऑक्सिटोसिन हे द्रव्य शत्रूही नव्हे व खेळणेही नव्हे. बाळ जन्मल्यानंतर लगेच ते दिल्याने अपरापातनानंतरचा रक्तस्राव रोखला जातो व असंख्य माता वाचतात. त्यासाठी दहा युनिटांची मात्रा सर्वत्र शिफारस केलेली आहे. परंतु बाळ पोटात असता, कोणतेही मोजमाप व निरीक्षण नसता, स्नायूत टोचलेल्या सुईने कळा अनावर होतात. गर्भाशय फाटणे, बालक गुदमरणे हे त्याचे परिणाम होत, आणि एकदा टोचलेली सुई परत घेता येत नाही. रुग्णालयात हेच औषध शिरेवाटे, थेंबाथेंबाने, गर्भाच्या स्पंदनावर लक्ष ठेवून दिले जाते. तिथे ते केव्हाही थांबवता येते. गोठ्यासाठी म्हणून नेलेली कुपी प्रसूतीकडे वळत नाही ना, याचीही दक्षता घ्यावी. दुभत्या जनावरांवरील गैरवापराच्या कारणाने केंद्र शासनाने २०१८ मध्ये खाजगी उत्पादनावर घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात रद्द ठरवली. मातांसाठी हे औषध सहज उपलब्ध राहण्याची गरज हा त्या वादाच्या केंद्रस्थानी असलेला मुद्दा होता. ती उपलब्धता टिकवावयाची तर गैरवापर रोखणे हे आपल्याच हिताचे आहे. ऑक्सिटोसिन व मिसोप्रोस्टॉल ही दोन्ही चिठ्ठीवाचून देऊ नयेत. ऑक्सिटोसिन शीतपेटीत २ ते ८ अंश तापमानात ठेवावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली कुपी रक्तस्रावाच्या प्रसंगी निकामी ठरू शकते.

वनौषधींबाबतही हीच दक्षता हवी. लांगलीस मराठीत ‘कळलावी’ म्हणतात. कळा लावणारी म्हणून ते नाव पडले. सुश्रुताने अपरापातनासाठी तिच्या मुळाचा कल्क तळहात व तळपायांस लेप म्हणून सांगितला आहे, पोटात नव्हे. तिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. उपविषांत तिची गणना आहे आणि औषधी कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही ती आहे. नाव ऐकून कोणी कंद मागितल्यास देऊ नये. कळा आणण्यासाठी एरंडेल मागणारे अजून येतात. त्याने जुलाब व ओकाऱ्या होऊन स्त्री ऐन वेळी शक्तिहीन होते. त्यांस नकार द्यावा. बाळंतकाढा हा नावाप्रमाणे बाळंतिणीसाठी आहे, कळांसाठी नव्हे, हे बाटली देतानाच सांगावे. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. ते कोठे गेले आणि का, एवढे मात्र जवळच्या वैद्यास कळवावे.

उपसंहार

स्वाभाविक प्रसवासाठी आयुर्वेदाकडे कोणते औषध आहे, असे आम्हास अनेकदा विचारले जाते. लोकांस एखाद्या काढ्याचे नाव हवे असते. संहितांनी दिलेले उत्तर त्याहून साधे व आचरणास कठीण आहे. स्त्रीस आवडणारी, हात स्वच्छ असलेली, धीराची सोबतीण; पेज, कोमट तेल व चालणे; वेळेपूर्वी जोर नाही, मुसळ नाही; आणि विकृती दिसताच शस्त्रज्ञाकडे रवानगी. यांतील एकाही गोष्टीची पावती फाडता येत नाही, म्हणून कदाचित त्या मागे पडल्या असाव्यात.

संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील आशा कार्यकर्त्या, जुन्या अनुभवी सुईणी व परिचारिका यांच्यासह सोबतीणींचे एक प्रशिक्षण घ्यावे, आणि औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवाचून कळांचे इंजेक्शन न देण्याचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी निधी फारसा लागणार नाही. रात्री दार वाजेल, कोणी इंजेक्शन मागेल, तेव्हा नकार देऊन पुन्हा दार लावून न घेता त्या स्त्रीजवळ जाऊन नाडी, रक्तदाब व गर्भाचे स्पंदन पाहण्याची तयारी मात्र लागेल.